पुलाच्या पोटातला उजेड

सार्वजनिक बांधकाम खात्यात एकतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची बरीचशी वर्षं दगडी पुलांच्या खाली गेली. 'खाली' हे मुद्दाम सांगते, कारण पूल तपासायचा तर खालूनच. वरून जाणाऱ्याला डांबर आणि कठडा दिसतो. पुलाचं दुखणं मात्र कमानीच्या पोटात आणि पाण्यातल्या पायाशी असतं. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल माणसांसकट वाहून गेला आणि त्यानंतर राज्यभर जुन्या पुलांची तपासणी सुरू झाली. तेव्हा हातात बॅटरी, पायात गमबूट आणि मान वर, अशी मी कितीतरी कमानींखाली उभी राहिले. कुठे दरजांमधला चुना निघालाय, कुठे पिंपळाचं मूळ शिरलंय, कुठे पांढरा ओघळ आलाय, हे बॅटरीच्या टीचभर उजेडात शोधायचं. पुलाचं पोट कायम अंधारात, असंच मनात बसलेलं.

निवृत्तीनंतर एका संध्याकाळी लेकीनं फोनवर एक फोटो दाखवला. गोठलेलं तळं, त्यावर लांबलचक दगडी पूल, आणि त्याच्या सगळ्या कमानी आतून पेटल्यासारख्या सोनेरी. मी म्हटलं, खालून दिवे लावलेत. ती म्हणाली, "आई, दिवे नाहीत. ऊन आहे. वर्षातले थोडेच दिवस असं दिसतं."

बीजिंगमधल्या यीहयुआन या राजवाड्याच्या तळ्यावरचा हा सतरा कमानींचा पूल. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास मावळतीचं ऊन त्याच्या कमानींत शिरतं. लेक पुण्यात दोन वर्षं चिनी शिकलेली, भाषेचा प्रश्न नव्हता. व्हिसा, विमान, हाँगकाँगला चार तासांचा थांबा, सगळं सुरळीत झालं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी निघालो.

दिवस पहिला : थंडी आणि रताळं

सोलापूरच्या माणसाला थंडी म्हणजे काय हे विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं तेव्हा कळलं. दुपारी दोनला तापमान शून्याच्या जेमतेम वर होतं. हवा इतकी कोरडी की ओठ तासाभरात फुटले. जुन्या शहरातल्या एका अरुंद गल्लीत आमची खोली होती. तिथं या गल्ल्यांना हूथोंग म्हणतात. करड्या विटांची बुटकी घरं, दारात सायकली, खिडकीबाहेर रचून ठेवलेले कोबीचे गड्डे.

गल्लीच्या तोंडाशी एक आजी लोखंडी पिंपात कोळशावर रताळी भाजत होत्या. आपल्याकडे रताळं उपासाचं. इथं ते थंडीचं. सालीवर पाकासारखा काळपट चिकट रस आलेला, आत केशरी मऊ गर. दोन्ही हातांत धरून आधी बोटं शेकली, मग खाल्लं. आजींनी माझ्या सुती मोज्यांकडे बोट दाखवून मान हलवली आणि लेकीला काहीतरी बजावलं. "आजी म्हणतायत, आईला लोकरीचे मोजे घे, नाहीतर उद्या चालता यायचं नाही." त्याच संध्याकाळी घेतले. पुढच्या चार दिवसांत त्या मोज्यांइतकं उपयोगी दुसरं काही ठरलं नाही.

थंडीत जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी इथेच सांगते. एक, निघण्यापूर्वीच फोनमध्ये तिथलं पैसे भरण्याचं ॲप घेऊन त्याला आपलं कार्ड जोडून ठेवा. रताळंवाल्या आजींकडेसुद्धा क्यूआर कोडच होता. दोन, फोनची बॅटरी थंडीत भराभरा उतरते. फोन कोटाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवायचा. पॉवरबँकही तशीच.

दिवस दुसरा : बर्फावरून आलेला दगड

निषिद्ध नगरी, म्हणजे तिथल्या लोकांचं गूगोंग, सोमवारी बंद असते आणि तिकीट आधी ऑनलाइन, पासपोर्टच्या नंबरावर काढावं लागतं. सात दिवस आधी तिकिटं खुली होतात. लेकीनं त्याच रात्री काढली होती. प्रवेश फक्त दक्षिणेच्या वूमन दरवाजातून. मूळ पासपोर्ट जवळ हवाच.

दरवाजातून आत आलं की अंगण उघडतं आणि समोर पाणी. खरं तर त्या दिवशी बर्फ. सोनजल नदी धनुष्यासारखा बाक घेत अंगणातून जाते आणि तिच्यावर शेजारी शेजारी पाच पांढरे दगडी पूल. मधला फक्त बादशहाचा. त्याच्या कठड्याच्या खांबांवर ढग आणि ड्रॅगन कोरलेले. त्याच्या दोन बाजूंचे राजघराण्यातल्यांसाठी, आणि अगदी कडेचे दरबारी अधिकाऱ्यांसाठी. पाचही पूल एकाच नाल्यावर, एकाच अंगणात, आणि कोणी कुठून जायचं हे जन्मानं किंवा हुद्द्यानं ठरलेलं. आम्ही गेलो तेव्हा कडेच्या पुलावरून शाळेतली पोरं हात धरून रांगेनं चालली होती. सगळ्यात पुढच्या मुलीच्या टोपीला सशाचे कान होते.

नदी नुसती शोभेची नाही. लाकडी महालांच्या या नगरीत आग लागली तर पाणी हवं आणि पावसाळ्यात अंगणांतलं पाणी निघून जायला वाट हवी. दोन्ही कामं हाच नाला करतो. वायव्येकडून येतो, आग्नेयेकडून बाहेर पडतो. जमिनीचा उतारही तसाच राखलेला. 1406 ते 1420 च्या काळात बांधताना ज्यानं ही आखणी केली त्याला मनोमन नमस्कार केला.

पण मला सांगायचं आहे ते दगडाबद्दल. हा पांढरा संगमरवर बीजिंगच्या नैर्ऋत्येला फांगशानच्या खाणींतून आलेला. बाओहेदियन या महालाच्या मागच्या बाजूला पायऱ्यांच्या मध्ये एक अखंड कोरीव शिळा आहे : 16.57 मीटर लांब, 3.07 मीटर रुंद, वजन दोनशे टनांच्या वर. माझ्या नोकरीत वीस टनांचा गर्डर हलवायचा तरी आदल्या रात्री झोप नसायची. यांनी दोनशे टन कसं आणलं?

थंडीवर आणलं. रस्त्याच्या कडेनं थोड्या थोड्या अंतरावर विहिरी खणायच्या, कडाक्याच्या थंडीत त्यांचं पाणी रस्त्यावर ओतायचं, बर्फाची वाट तयार करायची आणि लाकडी घसरगाड्यावर शिळा ओढायची. 1557 सालची नोंद आहे : 123 टनांची शिळा साधारण 70 किलोमीटर अंतर 28 दिवसांत आली. आजच्या अभियंत्यांनी त्याचं गणित मांडून पाहिलं. कोरड्या जमिनीवर ओढायला हजारावर माणसं लागली असती. बर्फावर पाण्याचा पातळ थर दिला तर पन्नासाच्या आत भागतं. म्हणजे निसरडं, ज्याला आपण अपघाताचं कारण म्हणतो, तेच त्यांनी कामाला जुंपलं. त्या शिळेसमोर मी बराच वेळ उभी होते. लेक दोनदा बोलवायला आली.

दुपारनंतर गर्दीचा मुख्य ओघ सोडून पश्चिमेला वळलो. नगरीत येणारे बहुतेक जण सरळ उत्तरेला जातात, त्यामुळे हा कोपरा शांत. तिथं वूयिंगदियनच्या जवळ एकच कमान असलेला पूल आहे, त्वानहोंग, म्हणजे तुटलेलं इंद्रधनुष्य. लांबी जेमतेम 18.7 मीटर. पण बऱ्याच अभ्यासकांच्या मते तो ही नगरी बांधण्याच्या आधीचा, युआन काळातला. नगरी नंतर आली, पूल आधीपासून होता. कठड्याच्या फळ्यांवर फुलांतून वळसे घेणारे ड्रॅगन आणि खांबांच्या माथ्यावर सिंह. एकसारखा एक नाही.

त्यातला एक सिंह सगळे शोधतात. एक पंजा डोक्यावर, दुसरा पोटाखाली, चेहरा वेदनेचा. गोष्ट अशी सांगतात की दाओग्वांग बादशहानं रागाच्या भरात थोरल्या मुलाला लाथ मारली आणि त्यातून तो पोरगा गेला. पुढे या पुलावरून जाताना बादशहाला हा सिंह दिसला आणि त्यानं त्याला लाल कापडानं झाकायला सांगितलं. मुलगा यीवेइ 1831 मध्ये तेविसाव्या वर्षी वारला, हे खरं. बाकी लोकांनी सांगत आणलेलं. पण सिंह पाहिल्यावर ती गोष्ट का रुजली ते कळतं. कारागिरानं कोरला तेव्हा दाओग्वांग जन्मालाही यायचा होता; दुःख मात्र त्यानं असं कोरलं की कितीतरी पिढ्यांनंतर लोकांना त्यात एका बापाचा पश्चात्ताप दिसला.

पुलाच्या उत्तरेला जुन्या ह्वाय झाडांची राई आहे. पानं झडलेल्या फांद्यांवर कावळे बसले होते. आम्ही तिथं बसून सोलापूरहून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. त्या कोरड्या थंडीत भाकरी जशीच्या तशी कुरकुरीत होती. शाकाहारींनी असं काहीतरी बरोबर ठेवावंच; आत खाण्याची सोय कमी आणि गर्दीची. बाहेर हॉटेलात 'वो छ सू' एवढं म्हणायला शिका, म्हणजे मी शाकाहारी. तरी अंडं आणि मांसाचा रस्सा चालतो का, हे ते विचारतात. स्पष्ट नाही म्हणायचं.

दिवस तिसरा : लूगोउचे सिंह

आज चीनच्या भिंतीवर जायचं ठरलं होतं. सकाळी दोघींचेही गुडघे बोलत होते, म्हणून भिंत सोडली आणि मेट्रो, मग टॅक्सी असं करत शहराच्या नैर्ऋत्येला लूगोउच्या पुलावर गेलो. हा राजवाड्यातला पूल नाही, रस्त्यावरचा आहे. पण सतरा कमानींचा पूल ज्याच्यावरून बेतला असं मानतात तो हाच, म्हणून थोरल्याला आधी भेटावं असं माझ्या मनात होतं.

1189 ते 1192 मध्ये जिन राजवटीत बांधलेला. 11 गाळे, लांबी 266.5 मीटर. मधल्या पट्ट्यात जुन्या फरशा तशाच ठेवल्या आहेत. गाड्यांच्या चाकांनी त्यांना खोल चऱ्या पडलेल्या. त्या चऱ्यांत पाय ठेवून चालताना घोटे वळतात, सांभाळा. मी मात्र त्या चऱ्यांतूनच चालले. आठशे वर्षांची वाहतूक असं मोजता येत नाही, पायाला कळतं.

नंतर खाली उतरण्याच्या वाटेनं काठावर गेले. खांबांना वरच्या प्रवाहाकडे टोकदार नाक आहे. आमच्या खात्याच्या भाषेत कटवॉटर. इथं त्या प्रत्येक नाकाच्या धारेवर लोखंडाची तिकोनी पट्टी बसवली आहे, कारण हिवाळा सरताना नदीतून बर्फाच्या लाद्या वाहत येतात आणि खांबावर आपटतात. ती धार लादी फोडते. आमच्याकडे पुरात झाडांचे ओंडके येतात, यांच्याकडे बर्फ. दुखणं एकच, औषधही जवळपास एकच. या नदीचं जुनं नाव वूदिंग, म्हणजे स्थिर नसलेली. पात्र सारखं बदलायची. खांगशी बादशहानं 1698 मध्ये बांध घातले आणि नाव ठेवलं योंगदिंग, कायमची स्थिर. आणि 1975 मध्ये याच पुलावरून चारशे टनांहून जास्त वजनाचा अवजड वाहनताफा नेला, पुलानं तो पेलला. चुन्यात चिकट तांदळाची पेज घालायची चीनमधली जुनी रीत. आपल्याकडे गूळ आणि हिरडा घालत. चांगला चुना म्हटलं की दोन्हीकडचे गवंडी स्वयंपाकघरातच शिरलेले.

कठड्यावर सिंहच सिंह. मोठ्याच्या पाठीवर छोटा, पंजाखाली छोटा, कानामागे छोटा. 'लूगोउचे सिंह' म्हणजे न मोजता येणारी गोष्ट, अशी चिनी म्हणच आहे. आता मोजून 501 ठरवलेत. मी एका बाजूनं मोजायला लागले आणि साठच्या पुढे चुकले.

मी चुकलेली पाहून एक आजोबा हसत जवळ आले. ऐंशीच्या घरातले, कापसाचा जाड कोट, हातात थर्मास. कुठून आलात, असं विचारलं. "इंदू," लेक म्हणाली. आजोबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "को दीहुआ." लेकीला कळेना. मला कळलं. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं हे चिनी नाव. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, सोलापूर, सोलापूर. लेकीनं समजावून सांगितलं की हे त्यांचं गाव, आई तिथलीच, भैय्या चौकातलं त्यांचं घर, आता स्मारक, आईच्या रोजच्या रस्त्यावर आहे.

हा पूल आणि कोटणीस यांचा धागा माझ्या तोवर ध्यानात आला नव्हता. 7 जुलै 1937 च्या रात्री याच पुलापाशी जपानी आणि चिनी फौजांत गोळीबार झाला आणि युद्धाला तोंड फुटलं. त्या युद्धातल्या जखमींसाठी 1938 मध्ये भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यांत सोलापूरचे कोटणीस आणि नागपूरचे चोळकर. कोटणीस परतले नाहीत. 9 डिसेंबर 1942 ला गेले, वय 32. आजोबांनी थर्मासच्या झाकणात गरम पाणी ओतून माझ्या हातात दिलं. चहा नाही, नुसतं गरम पाणी, तिथली रीत. आम्ही तिघं पुलावर उभे राहून आळीपाळीनं ते प्यायलो. शाळेत कोटणीसांवर निबंध लिहिला होता. त्यांचं नाव परक्याच्या तोंडून, तेही याच जागी ऐकताना घसा दाटला.

दिवस चौथा : ढग

हाच तो सर्वांत लहान दिवस, दोंगझ. सकाळी पडदा सरकवला तर आभाळ राखेच्या रंगाचं. तरी गेलो.

यीहयुआनला जायचं आणि पूलच पाहायचा असेल तर पूर्वेकडच्या 'शिनज्येन गोंगमन' या दरवाजानं आत शिरा. मुख्य दरवाजातून आलात तर तळ्याच्या काठानं बरंच चालावं लागतं. हिवाळ्यात तिकीट स्वस्त असतं, होड्या मात्र बंद.

आत गेलं की काही मिनिटांत तो दिसतो. 150 मीटर लांब, 8 मीटर रुंद, मधे उंच होत गेलेला. फोटोत वाटतो त्याहून नाजूक. दोन्हीकडून मोजा, सर्वांत मोठी मधली कमान नववी येते. नऊ हा बादशहाचा आकडा. कठड्यावरचे सिंह 544, थोरल्या पुलापेक्षाही जास्त.

हा पूल इथं का आहे, ती हकिगत मला फार आवडली. हे तळं म्हणजे शहराचा जलसाठा. 1750 च्या सुमारास च्येनलोंग बादशहानं ते पूर्वेकडे वाढवलं. निघालेली माती उत्तरेच्या टेकडीवर चढवली आणि सगळ्याला निमित्त दिलं आईच्या साठाव्या वाढदिवसाचं. पण जुन्या काठावर ड्रॅगनराजाचं, म्हणजे पाण्याच्या देवाचं देऊळ होतं. तळं वाढवताना ते हलवलं नाही. त्याच्याभोवतीची जमीन खणली, देऊळ बेटावर राहिलं आणि नव्या काठावरून त्या बेटाकडे जायला हा पूल बांधला. आमच्याकडे उजनी धरणात पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की शिखर वर येतं आणि लोक होडीनं दर्शनाला जातात. मी ते कितीदा पाहिलंय. इथं देवळाशी उभी राहिले तेव्हा पळसदेवचीच आठवण झाली. एका देवळाला पाण्यानं पोटात घेतलं, एकाला कडेवर.

काठावर तांब्याच्या मिश्र धातूचा बैल बसला आहे, 1755 सालचा. पूर शांत राहावा म्हणून. मान वळवून तळ्याकडे बघतोय, पाठीवर बादशहाचा लेख कोरलेला. काठ म्हणजे बांधच आहे, आणि बांधावर राखणदार हवाच. 1860 मध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी हा सगळा राजवाडा जाळला. इंग्रजांच्या फौजेत आपल्याकडचे शिपाईही होते, हे इथं उभं राहून आठवणं सोपं गेलं नाही. लाकूड जळालं. पूल आणि बैल राहिले. त्सिशी या राजमातेनं पुढे डागडुजी करून घेतली आणि 1888 मध्ये यीहयुआन हे नाव दिलं.

दुपारी तीनपासून काठावर तिकाट्यांची भिंत उभी राहिली. शेकडो माणसं, बहुतेक निवृत्त, घडीच्या खुर्च्या, थर्मास, खारे दाणे. सगळे आभाळाकडे बघत. सव्वाचारला पश्चिमेच्या डोंगरांवर ढगांना एक तांबूस चीर पडली आणि बुजली. बस. कोणी चिडलं नाही, तिकाट्या मिटल्या गेल्या. शेजारच्या बाईंनी लेकीला सांगितलं, उद्या वारा आहे, वारा आला की आभाळ धुऊन निघतं. या.

संध्याकाळी घरमालकीणबाईंनी स्वयंपाकघरात बोलावलं. दोंगझला उत्तर चीनमध्ये ज्याओझ खातात. नाही खाल्ले तर थंडीत कान गळून पडतात, असं पोरांना सांगतात. आमच्यासाठी वेगळं सारण केलं होतं : कोबी, गाजर, टोफू, आलं. मैद्याची पारी हातावर घेऊन सारण भरायचं आणि कड मुडपायची. मी करंजीसारखी मुरड घातली. बाईंनी ती पारी उचलून दिव्याखाली धरली, सगळ्या बाजूंनी पाहिली आणि आपल्या सुनेला हाक मारली. मग सुनेला मुरड शिकवली. पहिल्या दोन फाटल्या, तिसरी जमली. काळ्या व्हिनेगरात बुडवून खाताना ज्याच्या त्याच्या ताटात एक मुरडीचा ज्याओझ आला पाहिजे, असं बाईंनी वाटप केलं.

दिवस पाचवा : सोनं

रात्रभर वारा घोंगावत होता. सकाळी आभाळ निळं, एक ढग नाही. थंडी मात्र उणे सातवर.

या दिवशी राजवाड्यातल्या बाकी वस्तू बघायच्या राहिल्या होत्या. त्या राहू दिल्या. लांबून पश्चिमेच्या बांधावरचा जेड-मेखला पूल तेवढा दिसला, एकाच कमानीचा, इतका उंच की उंटाच्या पाठीसारखा वाटतो. दुपारी एकला आम्ही पूर्व काठावर जागा धरली. त्याआधीच पुढची रांग भरली होती. फोटो काढायचा असेल तर बारापर्यंत पोहोचा. नुसतं बघायचं असेल तर तीनपर्यंत पुरतं. पायाखाली घालायला पुठ्ठा न्या, दगडातून थंडी वर चढते. हा सल्ला मला तिथल्याच एका गृहस्थांनी दिला आणि आपल्या खोक्याचा अर्धा पुठ्ठा फाडूनही दिला. फळांच्या खोक्याचा होता, त्यावर संत्र्याचं चित्र.

तोवर थांगहुलू खाल्ला. काडीला टोचलेली आंबट लाल फळं, वर साखरेचा काचेसारखा कडक पाक. बोरं आणि चिक्की एकत्र खाल्ल्यासारखी चव.

साडेतीनला पुलाची आमच्याकडची बाजू सावलीत गेली. पांढरा दगड निळसर, थंड दिसायला लागला. कमानींत अंधार. तळ्याच्या काठाकडे बर्फ, मधे काळं पाणी. मी म्हटलं, आता बॅटरी लागेल.

पावणेचारच्या पुढे एका कमानीच्या आतल्या भिंतीवर फिकट पिवळी रेघ दिसली. मला वाटलं भास आहे. मग शेजारच्या कमानीत. सूर्य पश्चिमेच्या डोंगरांकडे उतरत होता, आणि जितका खाली उतरे तितकं ऊन कमानींत आत सरके. इतका दक्षिणेला आणि इतका खाली तो एरवी मावळत नाही. म्हणून एरवी हे ऊन कमानीत शिरत नाही. पिवळ्याचं केशरी झालं. एकेक करत सगळ्या. भिंतींवर थेट ऊन, आणि बर्फावरून उसळलेला उजेड कमानींच्या पोटात. बाहेरचा पूल सावलीत, आतला पेटलेला.

काठावर हजारभर माणसं असतील. कॅमेऱ्यांचा टकटकाट सोडला तर आवाज नाही. आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती : ही सगळी माणसं पुलाचं पोट बघतायत. जे बघायला मी एकतीस वर्षं चिखलातून गेले, जिकडे रस्त्यावरचा एक माणूस कधी वाकून बघत नाही, ते बघायला लोक उणे सातात चार तास उभे आहेत. लेकीनं माझा हात धरला. "आई, रडतेस काय गं?" मी म्हटलं, वारा आहे.

पुठ्ठा देणाऱ्या गृहस्थांच्या कॅमेऱ्याला हातभर लांब लेन्स होती. मी लेकीला म्हटलं, त्यांना विचार, मधल्या, नवव्या कमानीचं पोट जवळ आणून दाखवतील का. त्यांना आधी वाटलं मला फोटो हवाय. लेकीनं सांगितलं, आई पूल तपासायची, तिचं ते कामच होतं. ते एकदम बाजूला झाले आणि मला कॅमेऱ्यासमोर उभं केलं.

डोळा लावला. सोनेरी उजेडात दगड न् दगड मोजता येत होता. थर सरळ. दरजा भरलेल्या, अगदी अलीकडेही कुणीतरी हात फिरवलेला दिसत होता. माथ्याचा चावीचा दगड पक्का. भिंतीवर, खांद्याच्या जरा खाली, एक पांढरा ओघळ. वरून पाणी मुरलं की चुना असाच झिरपून येतो. आमच्या भीमेवर येतो, नीरेवर येतो. कमान हलल्याची खूण कुठे नाही. मी अंगठा वर केला. गृहस्थांनी तो ओघळ स्वतः लेन्समधून पाहिला, मला परत विचारलं, मी लेकीकरवी समजावलं, आणि त्यांनी बाजूच्या दोघांना बोलावून दाखवला. पाच-सहा जण आळीपाळीनं डोळा लावून नवव्या कमानीतला चुन्याचा ओघळ बघू लागले.

साडेचारला पहिल्या कमानी विझल्या. नववीतलं ऊन सर्वांत शेवटी, वरवर सरकत, माथ्याच्या दगडाखाली बोटभर उरलं होतं. मग तेही गेलं. बर्फाला कुठेतरी लांब तडा गेल्याचा आवाज आला. गृहस्थांनी लेन्सला टोपण लावलं आणि पुठ्ठ्याचा तुकडा मला घेऊन जायला सांगितला, मेट्रोपर्यंत बसायला कुठे थांबावं लागलं तर म्हणून.